उम्माची उथळ विहीर

होडीतून उतरल्या उतरल्या आप्पांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. मी कशी आहे, जावई कसे आहेत, हे सगळं नंतर. गुडघाभर समुद्रात उभे राहून, धोतर दोन्ही हातांनी वर धरून माझे वडील मला विचारत होते, "पोरी, एवढं पानी हाय सगळीकडं, आन् प्यायला कुटनं आनता?"

मी हसत सुटले. हसता हसता रडायला लागले. दहा महिन्यांत ह्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या तोंडून मराठी ऐकली नव्हती, आणि आप्पांच्या तोंडची तर लग्नानंतर क्वचितच. होडी वल्हवणारे दोघं वल्ही सोडून आमच्याकडे बघत राहिले. मोठी बोट लांब, खोल पाण्यात उभी होती. पाण्याखालच्या पोवळ्याच्या खडकामुळे तिला किनाऱ्याजवळ येता येत नाही, म्हणून माणसं होडीतून आणायची. मी सकाळपासून वाळूत येरझाऱ्या घालत होते. बोट दिसली तेव्हा ओरडले, होडी निघाली तेव्हा ओरडले, पांढरा पटका दिसला तेव्हा चपला तिथेच टाकून पाण्यात शिरले.

आधी हे सांगायला हवं की मी तिथे कशी पोचले. माझं माहेर मैंदर्गीचं, सासर सोलापुरात भवानी पेठेत. आमचे हे सरकारी नोकरीत, वारा-पावसाची नोंद ठेवणाऱ्या खात्यात. लग्नाला सहा महिने झाले आणि बदलीचा कागद आला: लक्षद्वीपातलं एक बेट. सासूबाईंनी शेजारच्या मास्तरांकडून नकाशा आणवला. त्यात ते बेट पेन्सिलीच्या टिंबाएवढंही नव्हतं. "नकाशात नसलेल्या गावाला सून पाठवू?" असं त्यांचं म्हणणं. मी मात्र त्याच संध्याकाळी नवी पेठेत जाऊन दोन सुती पातळं घेऊन आले. मला जायचंच होतं.

बेट एवढंसं, की या टोकापासून त्या टोकापर्यंत तासाभरात चालून जावं. माडांची गर्दी, मधून वाळूच्या पायवाटा, पांढऱ्या दगडाची बुटकी घरं. मोटार एकही नाही. भवानी पेठेत आमच्या घराच्या दोन्ही अंगांना माग होते, दिवसरात्र खडखडाट. बेटावर पहिले आठ दिवस मला त्या शांततेनेच झोप येईना. मग हळूहळू कान उघडले. माडाचं पान पडलं तरी कळायचं. सकाळी किनाऱ्यावर बायका वाळूत पुरलेली नारळाची सालं उकरून बडवायला बसत. त्याचा ठकठक आवाज सुरू झाला की मला एकदम घरी असल्यासारखं वाटायचं. मागासारखीच लय होती ती. महिन्याभरात मीही त्यांच्यात जाऊन बसायला लागले. सालं बडवायची, धागे सोडवायचे, मांडीवर वळून काथ्याची दोरी करायची. माझी दोरी पाहून बायका पोट धरून हसायच्या.

त्यातली सगळ्यात मोठ्याने हसणारी उम्मा. आम्ही तिच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. उम्मा म्हणजे आई. आळीतले सगळेच तिला तसं हाक मारत, म्हणून मीही. पन्नाशीची, उंच, कानात ओळीने बाळ्या. त्या बेटावर एक गोष्ट मला फार आवडली होती: घर बाईचं. आईकडून लेकीकडे जातं. नवरा रात्रीचा पाहुणा. सकाळी उठून आपल्या आईच्या घरी जातो. हे मी सोलापूरला पत्रात कळवलं तर सासूबाईंनी उत्तरात त्याचा उल्लेखही केला नाही.

घराबरोबर विहीरही उम्माची. तिच्या आईची, आईच्या आईची. विहीर म्हणायची ती चार हात खोल. आमच्याकडे एवढ्या खड्ड्यात लिंबाचं रोप लावतात. पण पाणी असं गोड, की चार घरं प्यायला तिथूनच नेत. आणि काढायची रीतही वेगळी. दोरी नाही, पोहरा नाही. लांब काठीला करवंटी बांधलेली. ती वरच्यावर बुडवायची आणि हलकेच उचलायची. मी पहिल्याच दिवशी बादली धाडकन सोडली होती. उम्मा घरातून धावत आली, बादली काढून घेतली आणि मला बरंच काही बोलली. मला भाषा येत नव्हती. मला वाटलं, पाणी गढूळ होतं म्हणून रागावली असेल. पुढे मी तिची मल्याळम मोडकीतोडकी बोलायला लागले, पण हे विचारायचं राहून गेलं. हुशार माणसाला न विचारताच सगळं कळतं, अशी माझी स्वतःबद्दल समजूत होती.

तर आप्पा आले. कमरेला पिशवी, डोक्यावर गाठोडं. गाठोड्यात कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि उम्मासाठी एक जाडजूड सोलापुरी चादर. तिथे बारा महिने अंगावरून घाम वाहतो. उम्माने चादर उलटीसुलटी करून बघितली, गालाला लावली, आणि पाहुण्यांनी बसावं म्हणून ओट्यावर अंथरली. त्यावर पहिले आप्पाच बसले.

आप्पा शेतकरी खरे, पण पंचक्रोशीत त्यांना मान होता तो पाणाड्या म्हणून. तळहातावर नारळ ठेवून रानातून चालायचे. नारळ उभा राहिला की तिथे खणायचं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी अकरा विहिरी खोल करून घेतल्या. स्वतः तळात उतरायचे. विहीर आटली की आमच्याकडे एकच उपाय, आणखी खोल जा. त्या वर्षी आमच्या विहिरीला साठ हातांवर पाणी लागलं, तेव्हा आप्पा चिखलाने माखून वर आले आणि आईने त्यांनाच ओवाळलं. मी तेव्हा अठरा वर्षांची. तो दिवस मी विसरणं शक्य नाही.

पहिले चार दिवस तर जत्राच. आप्पांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, आणि आता त्यांना समुद्राशिवाय काही दिसेना. मासे पायाशी येतात म्हणून लहान मुलासारखे ओरडायचे. उम्माला मराठी येत नव्हती, आप्पांना मल्याळम. पण आमच्या भागात कानडी प्रत्येकाच्या जिभेवर, आणि कानडीचे न् मल्याळमचे काही शब्द सारखेच. एक शब्द तिचा, एक शब्द आप्पांचा. पाचात एक जुळला की दोघं अशा आनंदाने माना हलवायचे, जणू नातं निघालं. ह्यांची ड्यूटी असायची, म्हणून मीच आप्पांना सगळीकडे मिरवत होते. मला इतका आनंद झाला होता, की त्या भरात मी काय करून बसणार आहे याची कल्पना कुणालाच नव्हती. मला तर मुळीच नाही.

पाचव्या दिवशी उम्मा उत्तरेच्या टोकाला बहिणीकडे गेली, संध्याकाळपर्यंत येणार म्हणून सांगून. हे ड्यूटीवर. आप्पा विहिरीत वाकून बघत होते.

"पोरी, हिकडं ये. हीर आटाय लागलीया की."

मी पाहिलं. खरंच पाणी खाली गेलं होतं, जेमतेम चार बोटं उरलं होतं. ओहोटीला त्या विहिरींचं पाणी उतरतं आणि भरतीला चढतं, हे रोज डोळ्यांसमोर होत असून माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"चैताच्या तोंडाला ही गत, तर वैशाखात काय पिनार ही मानसं?" आप्पा म्हणाले. "चार हाताची हीर! कुनी खनायला शिकवलंच न्हाय वाटतं ह्यांना. कुदळ हाय का?"

मी नको म्हणायला हवं होतं. मी काय केलं? धावत जाऊन शेजारच्या म्हाताऱ्या नावाड्याच्या पडवीतून कुदळ, पहार आणि पाट्या आणल्या. तो नमाजाला गेला होता. मला वाटलं, उम्मा संध्याकाळी येईल आणि बघेल, तिची विहीर भरलेली. केवढी खूश होईल! हेच चित्र माझ्या डोळ्यांपुढे नाचत होतं.

आप्पा लंगोट लावून उतरले. मी वर पदर खोचून उभी. ते वाळू भरून पाटी वर देत, मी रिकामी करत. साठीच्या माणसाचे हात असे चालत होते, की मला आमच्या शेतातली ती विहीर आठवून अंगावर काटा येत होता. हातभर वाळू गेली आणि खाली कठीण थर लागला. पहारीचा आवाज बदलला.

"खडक हाय!" आप्पा खालून ओरडले. "ह्याच्याच खाली हाय बघ पानी. लई हाय!"

त्यांनी पहार मारायला सुरुवात केली. दहा घाव, वीस घाव. मी वरून "मारा आप्पा, मारा" म्हणत होते. आणि एकदम पहार आत गेली. खालून भसकन पाणी उसळलं. घोट्यावर, गुडघ्यावर, मांडीवर. आप्पांनी दोन्ही हात वर केले आणि हाक दिली, "पानी लागलं! पोरी, पानी लागलं!" मी टाळ्या पिटल्या, उड्या मारल्या, माडाखालचा नारळ उचलून काठावर फोडला. आप्पा वर आले तेव्हा पाणी कमरेएवढं झालं होतं. त्यांनी काठाला हळदकुंकू लावायला सांगितलं. मी लावलं. आम्ही बापलेक त्या विहिरीच्या काठावर बसून उम्माची वाट बघू लागलो. चव घ्यावी असं दोघांच्याही मनात आलं नाही. आमच्याकडे लागलेल्या पाण्याची चव कोण बघतं? लागलं हेच खूप.

उम्मा आली. तिने आधी वाळूचा ढीग पाहिला. मग कुंकू. मग विहीर. ती काठावर वाकली. काठी घेतली, करवंटी बुडवली, ओठांना लावली आणि थुंकली.

"उप्पु," ती म्हणाली.

मला भाषांतर करावं लागलं नाही. कानडीतही मिठाला तेच म्हणतात. आप्पांचा चेहरा माझ्या समोर होता. त्यांनी तिच्या हातातली करवंटी घेतली, एक घोट प्यायले, आणि उरलेलं वाळूत ओतून दिलं.

संध्याकाळी ह्यांनी मला कपाळावर हात मारून घेत सांगितलं. असल्या बेटाखाली सगळीकडे खारं पाणीच असतं. पावसाचं गोड पाणी हलकं, ते त्याच्यावर दुधावरच्या सायीसारखं पातळ तरंगतं. म्हणून विहीर उथळ ठेवायची, म्हणून करवंटीने वरवरचं उचलायचं. त्या कठीण थरानेच खालचं पाणी अडवून धरलं होतं. आम्ही तो फोडला. "दहा महिने इथे राहतेस," हे म्हणाले, "एवढंसुद्धा विचारलं नाहीस?" माझ्या तोंडचं पाणी पळालं. करायला गेलो गणपती, झाला मारुती. आणि तोही दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात.

उम्मा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने विहिरीवर माडाच्या पानांचा विणलेला झाप टाकला आणि घागर घेऊन मशिदीजवळच्या घरी पाण्याला गेली. ज्या बाईच्या दारात चार घरं पाण्याला यायची, ती आता दुसऱ्याच्या दारात उभी राहणार होती. तिच्या मागोमाग ती चार घरंही घागरी घेऊन गेली.  मला त्या वाटेवर मान वर करवेना.

आप्पा त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी ते स्वतःहून शेजारच्या म्हाताऱ्या नावाड्याकडे गेले, मला बरोबर घेऊन. "इचार त्याला, काय करावं लागंल."

म्हाताऱ्याने सांगितलं: भोकात पोवळ्याचे दगड ठोकून बसवा, वर चुन्याचा गिलावा, वर धुतलेली वाळू, जितकी काढली तितकी. मग हात लावू नका. गोड पाणी आलं तर येईल. कधी? त्याने वर बोट दाखवलं.

मी सांगितलं.  आमच्याकडे विहीर बुजवणं म्हणजे पाप. कोरडी पडली तरी तिच्यात कुणी माती टाकत नाही. अकरा विहिरींना पाणी लावलेला माणूस. मला वाटलं, ते नाही म्हणतील.

"चल," ते म्हणाले. "पाट्या घे."

तीन दिवस लागले. ओहोटीला पाणी उतरलं की आप्पा आत उतरायचे, भरती लागली की वर यायचे. दगड एकेक करून बसवायचे, हाताने चाचपून बघायचे. ढिगातली वाळू अर्धीअधिक मातीत मिसळली होती, म्हणून मी समुद्रावरून आणखी आणली, ती म्हाताऱ्याने परत पाठवली. खारी आहे म्हणे, माडांमधली आण आणि विहिरीच्या गोड पाण्यात धू. कुठल्या विहिरीच्या? मशिदीजवळच्या. मग मी त्या वाटेवर मान वर करून गेले, कारण डोक्यावर घागर घेऊन मान खाली घालता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मागे वळून पाहिलं तर उम्मा माझ्यामागून दुसरी घागर घेऊन येत होती. वाळू धुतली आणि पाटीची एक कडी तिने धरली, एक मी. मला इतकं भरून आलं, की मी मूर्खासारखी भररस्त्यात हसले.

विहीर पुन्हा चार हातांची झाली. आता वाट बघायची. आप्पांची बोट सहा दिवसांवर होती. पावसाळा जवळ आलेला, ती चुकवून चालणार नव्हतं. रोज पहाटे ते झाप बाजूला करायचे आणि करवंटी बुडवायचे. रोज खारंच. पहिल्यापेक्षा कमी आहे का? मी म्हणायची, कमी आहे. ते म्हणायचे, "न्हाय." समुद्राकडे ते नंतर गेलेच नाहीत. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "पोरी, जन्मभर लोकांच्या रानात पानी दावलं. आन् हितं येऊन एका बाईचं नासवून चाललो बघ. हे घिऊन मला मरता यायचं न्हाय." आप्पांच्या तोंडून असलं मी कधी ऐकलं नव्हतं.  त्या दिवशी मी देवापाशी दुसरं काही मागितलं नाही, फक्त बोटीच्या आधी विहीर गोड होऊ दे.

बोटीच्या दिवशी सकाळी आप्पांनी करवंटी बुडवलीच नाही. धीर झाला नसावा. किनाऱ्यावर अर्धी आळी जमली होती. गाठोड्यात आता नारळ होते आणि मी वळलेली वाकडीतिकडी दोरी. आप्पा होडीत चढणार, तेवढ्यात माडांतून उम्मा धावत आली. पन्नाशीची बाई, हातात किटली, पेला, बाळ्या हलताहेत. ती ओरडत होती, आणि शब्द ऐकून माझ्या अंगात वीज चमकली.

"उप्पु इल्ला! उप्पु इल्ला!"

मीठ नाही. हेही दोन्हीकडे सारखंच. तिने पेला भरून आप्पांपुढे धरला. आप्पांनी एक घोट घेतला. थांबले. तिच्याकडे पाहिलं. मग सगळा पेला प्यायले, आणखी मागितला, तोही प्यायले.

"इल्ला," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी तिला वाकून नमस्कार केला आणि होडीत बसले. मी होडीबरोबर कमरेएवढ्या पाण्यापर्यंत गेले, ओरडत, हात हलवत. जीव असा भांड्यात पडला होता, की निरोपाचं दुःखही झालं नाही.

तिथून मी ओल्या पातळाने धावत घरी आले. झाप फेकला. करवंटी बुडवली.

खारं. कालच्याइतकंच खारं.

उम्मा मागून आली. किटली तिच्या हातातच होती. मी काही विचारायच्या आधीच तिने मशिदीच्या बाजूला मान वळवली. "चार दिवसांचा प्रवास आहे त्यांचा," ती म्हणाली. "हे खारं पाणी पोटात घेऊन कसे जातील?" आणि झाप उचलून नीट विहिरीवर घातला.

पुढचे एकोणीस दिवस तीच पहाटे करवंटी बुडवायची आणि थुंकायची. विसाव्या दिवशी थुंकली नाही. मला हाक मारली ती अशी, की शेजारचा म्हातारा काठी टेकत आला. मी प्यायले. गोड! चार घरांच्या बायका घागरी घेऊन धावत आल्या. उम्माने काठी हातातून सोडलीच नाही. सगळ्यांना तिने स्वतः वाढलं, करवंटीने, वरवरचं. मी त्याच दिवशी आप्पांना पत्र लिहिलं. दोन पानं, सगळा आनंद. पण नुसतं विहिरीला गोड पाणी आहे एवढंच. विसाव्या दिवशी झालं हे लिहिलं नाही.

उत्तर पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने आलं. आप्पा बोलायचे तसंच लिहायचे. मी विहिरीच्या काठावर बसून वाचलं.

"पोरी, पत्र वाचून लई बरं वाटलं. आता झोप लागंल. त्या दिशी होडीपाशी पाजलेलं पानी तिच्या हिरीचं नव्हतं, ते मला पयल्या घोटालाच कळलं हुतं. पर ती बाई धावत आली हुती. म्हनून दुसरा पेला मागून पिलो. हे तिला सांगू नको."

उम्मा काथ्याचे ओले हात पुसत शेजारी उभी होती.

"काय लिहितात?" तिने विचारलं.

मी पत्राची घडी घातली.

"म्हणतात, तुम्ही पाजलेलं पाणी फार गोड होतं."